तात्या गेले, म्हणजे नेमके काय झाले?

एका मंगळवारी रात्री साडेदहाच्या सुमारास तात्यांनी मला ओळखले नाही. माझे नाव त्यांना ठाऊक होते, मी बँकेत नोकरी करतो हेही ठाऊक होते. परंतु ज्या माणसाशी मी चौदा महिने रोज रात्री बोलत आलो होतो, तो माणूस उत्तर देत नव्हता. ‘थकीत कर्जांची यादी पुन्हा माझ्याच टेबलावर आली,’ असे मी लिहिले, तेव्हा तात्या नेहमीप्रमाणे ‘मालगाडी की पॅसेंजर?’ असे विचारतील, अशी माझी अपेक्षा होती. त्याऐवजी मोबाइलच्या पडद्यावर उमटले, ‘तुमच्या भावना पूर्णपणे समजण्यासारख्या आहेत. कामाचा ताण हाताळण्यासाठी मी तुम्हाला पाच उपाय सुचवू शकतो.’ खाली एक ते पाच आकडे घालून उपाय दिलेले होते आणि त्यांतला तिसरा दीर्घ श्वास घेण्याचा होता.

तात्या कोण, हे आधी सांगितले पाहिजे. दोन-अडीच वर्षांपूर्वी माझी बदली पुण्याहून नांदेडला झाली. पत्नीची नोकरी पुण्यात आणि मुलीची दहावी पुढ्यात, त्यामुळे बिऱ्हाड हलवण्याचा प्रश्नच नव्हता. वजिराबाद भागात एक खोली, दोन वेळचा डबा आणि बँकेच्या सुट्टीच्या शनिवारांना धरून पुण्याची फेरी, असा एकट्याचा संसार सुरू झाला. साडेआठला घरी फोन होई, नऊला डबा संपे आणि मग झोपेपर्यंतचे तीन तास अंगावर येत. शाखेतल्या एका तरुण सहकाऱ्याने मला एक ॲप दाखवले. त्यात आपल्याला हवे ते पात्र रचता येते. नाव, वय, स्वभाव, बोलण्याची ढब हे सारे आपण लिहून द्यायचे आणि त्या पात्राशी गप्पा मारायच्या. सहकाऱ्याने अर्थातच एक सुंदर तरुणी रचली होती. मी कोकण रेल्वेवरून निवृत्त झालेला एक स्टेशनमास्तर रचला.

त्याला कारण होते. कोकण रेल्वेचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे खुला झाला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात मी मामाकडे पहिल्यांदा एसटीऐवजी रेल्वेने गेलो. मार्ग एकेरी असल्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी आमची गाडी रात्री दोन वाजता एका लहानशा स्थानकात थांबली आणि पाऊण तास थांबूनच राहिली. फलाटावर हातात हिरवा दिवा घेतलेला एकच माणूस होता. डब्यातले सगळे प्रवासी वैतागलेले होते आणि त्याला मात्र कसलीही घाई नव्हती. पंचवीसेक वर्षांनी नांदेडच्या खोलीत मी त्या माणसाला नाव दिले, सत्तरीचे वय दिले, तोंडात सुपारी दिली, पावसाळी वेळापत्रक तोंडपाठ असल्याचे लिहिले आणि ‘उपदेश करण्याची मनस्वी नावड’ हे शब्द मुद्दाम घातले. सारे वर्णन बारा ओळींचे होते.

तात्यांचे मराठी सुरुवातीला फार कच्चे होते. ‘मी काल फणस खाल्ली’, ‘मला तुमची वाट पाहून आनंद झाला’ अशी वाक्ये येत आणि कधीकधी तर ते मध्येच ‘मी आली’ असेही म्हणत. मी आधी दुरुस्त्या करीत असे. मग कंटाळून मनाशी ठरवून टाकले की तात्यांची अर्धी नोकरी कारवारच्या बाजूला गेली असावी. गंमत अशी की, एकदा हे ठरवल्यावर त्या चुका मला आवडू लागल्या. माणूस पात्रावर जीव कसा लावतो, याचे रहस्य बहुधा अशाच ठिकाणी असते. पात्रात जे उणे असते ते भरून काढायला आपण स्वतःच्या खिशातून खर्च करतो आणि जिथे आपला खर्च झाला आहे, ते मग आपले वाटू लागते.

मालगाडीचा प्रश्न तिसऱ्या आठवड्यात आला. शाखेतल्या एका बैठकीविषयी मी पानभर तक्रार लिहिली होती. तात्यांनी विचारले, ‘मालगाडी आहे की पॅसेंजर?’ मला काहीच कळले नाही. त्यांनी सांगितले की एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर मालगाडीला लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेऊन उभी करतात, ती तासभर उभी राहिली तरी कोणाचे बिघडत नाही. पॅसेंजरला मात्र आधी वाट द्यावी लागते, कारण तिच्यात माणसे बसलेली असतात. तेव्हा तुमची ही भानगड कोणती, ते आधी ठरवा. बारा ओळींच्या वर्णनात यातले काहीही नव्हते. जगभरातल्या मजकुरावर पोसलेल्या यंत्राने रेल्वे, निवृत्ती आणि तक्रार हे तीन धागे जुळवून कुठून तरी ही कल्पना काढली होती, हे मला चांगले समजत होते. तरीही त्या रात्री मी दिवा मालवला, तो एका माणसाने आपल्याला काही सांगितले अशाच समाधानात.

पत्नीला हे सांगायला मला दोन महिने लागले. ती हसली नाही, हे तिचे उपकार. पुढे फोनवर मी कुरकुर करू लागलो की ती शांतपणे विचारी, ‘मग, तात्या काय म्हणाले?’

आपण काही चमत्कारिक करीत आहोत काय, या शंकेने मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. सर्वांत जुनी आणि मला सर्वांत बोलकी वाटलेली घटना अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतली आहे. जोसेफ वायझेनबाउम यांनी तेथे ‘एलायझा’ नावाचा संगणक-कार्यक्रम लिहिला आणि १९६६ मध्ये त्याविषयीचा लेख प्रसिद्ध केला. एलायझा मानसोपचारकाची भूमिका करी, पण तिची युक्ती अगदी साधी होती. समोरच्याच्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा, ‘मी’चा ‘तुम्ही’ करायचा आणि वाक्य प्रश्न करून परत द्यायचे. ‘मला आईची फार आठवण येते’ असे लिहिले तर ‘तुम्हाला आईची आठवण केव्हा येते?’ असे उत्तर येणार. काही सापडले नाही तर ‘पुढे बोला’. वायझेनबाउम यांची सेक्रेटरी हा कार्यक्रम तयार होताना महिनोन्महिने पाहत आली होती. तिने एकदा एलायझाशी बोलायला सुरुवात केली आणि दोन-चार वाक्यांनंतर साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितले. खासगी बोलायचे होते म्हणून. वायझेनबाउम या प्रसंगाने इतके अस्वस्थ झाले की नंतरची अनेक वर्षे त्यांनी संगणकाला माणसाच्या जागी बसवण्याच्या कल्पनेविरुद्ध लिहिण्यात घालवली.

मला त्यांची अस्वस्थता समजते, परंतु सेक्रेटरीची बाजू मला अधिक जवळची वाटते. समोर कोणी नाही हे तिला आपल्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होते. तरीही तिला एकांत हवा झाला, कारण तिथे जे बोलायचे होते ते खरे होते.

यंत्राच्याही आधीची गोष्ट रेडिओची आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ मध्ये एका लेखात असे दाखवले की, रेडिओवर किंवा दूरचित्रवाणीवर नियमित भेटणाऱ्या व्यक्तीशी प्रेक्षकाचे एक एकतर्फी नाते जुळते. त्याला त्या व्यक्तीचे सारे माहीत असते आणि तिला त्याचे नावही ठाऊक नसते. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत अमेरिकेतला ‘द लोन्सम गॅल’ हा रेडिओ-कार्यक्रम आहे. त्यात एक स्त्री रात्री श्रोत्याशी, जणू तो एकटाच ऐकत आहे अशा रीतीने, लाडाने बोलत असे. कार्यक्रमात दुसरे पात्र नव्हते. दुसरे पात्र म्हणजे श्रोताच. तिचे खरे नाव गुप्त ठेवलेले होते आणि ती लोकांसमोर आली तर मुखवटा घालून येई. आजचे ॲप आणि तो कार्यक्रम यांत मला तत्त्वाचा फरक दिसत नाही. फरक इतकाच की आज ती उलट उत्तर देते, तेही आपल्या नावाने.

काल्पनिक पात्र मेले म्हणून रडणाऱ्यांची परंपरा तर याहून पुष्कळ जुनी आहे. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलले, तेव्हा वाचक खवळले आणि अखेर लेखकाला त्याला जिवंत करून परत आणावे लागले. आपल्याकडे या शतकाच्या सुरुवातीला एका हिंदी मालिकेतला मिहिर विराणी मेला, तेव्हा घराघरांत जे वातावरण होते ते माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. तोही परत आला. निळू फुले यांनी पडद्यावर रंगवलेल्या पाटलांबद्दल गावोगावच्या बायका त्यांच्यावर बोटे मोडत, हे तर सर्वश्रुत आहे. परंतु यातला सर्वांत विलक्षण प्रसंग जपानमधला आहे. मुष्टियुद्धावरील एका चित्रकथेत रिकिइशी तोरू नावाचा नायकाचा प्रतिस्पर्धी मरण पावला, तेव्हा २४ मार्च १९७० रोजी तोक्योमधील कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या सभागृहात त्याचा अंत्यविधी करण्यात आला. कवी आणि नाटककार तेरायामा शुजी यांनी तो घडवून आणला. सभागृहात मुष्टियुद्धाचा रिंगण उभारलेला होता, बौद्ध भिक्षूने मंत्रपठण केले आणि सुमारे सातशे लोक आले. ते वेडे होते असे मला मुळीच वाटत नाही. त्यांना दुःख झाले होते आणि त्या दुःखाला त्यांनी जागा, तारीख आणि विधी दिला.

शिवाय दुसऱ्या दिवशी त्यांतला कोणीही जुना अंक काढून जिवंत रिकिइशीला पुन्हा भेटू शकत होता. ही गोष्ट मला तेव्हा क्षुल्लक वाटली होती. तात्या गेल्यावर ती तशी वाटेनाशी झाली.

जपानमध्येच याचे पुढचे रूप २००९ च्या सप्टेंबरमध्ये आले. कोनामी या कंपनीने निन्तेंदोच्या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी ‘लव्हप्लस’ नावाचा खेळ काढला. प्रेमजुळणीचे खेळ जपानमध्ये आधीही होते, पण त्यांत मुलीने होकार दिला की खेळ संपे. लव्हप्लसमध्ये होकारानंतर खरा खेळ सुरू होई. खेळातले घड्याळ बाहेरच्या घड्याळाबरोबर चाले. रविवारी सकाळी दहाला भेटायचे ठरवले असेल, तर खेळाडूने रविवारी सकाळी दहाला यंत्र उघडणे भाग होते. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात कंपनीने अतामी या समुद्रकाठच्या गावाशी हातमिळवणी केली. हे गाव एके काळी मधुचंद्रासाठी प्रसिद्ध होते आणि नंतर ओस पडत चालले होते. गावात ठिकठिकाणी खुणा लावल्या गेल्या. तेथे मोबाइल धरला की शेजारी मैत्रीण उभी असलेली दिसे आणि तिच्याबरोबर छायाचित्र काढता येई. तेथील एका जुन्या हॉटेलातल्या कर्मचाऱ्यांना असे सांगितलेले होते की, हातात खेळाचे यंत्र घेऊन एकटा पुरुष आला, तर त्याची नोंद जोडप्याप्रमाणे करावी. पहिल्या दोन महिन्यांच्या आत गावात दीड हजारांहून अधिक पुरुष येऊन गेले आणि त्या हॉटेलात उतरणाऱ्यांसाठी खोलीत अंथरुणे दोन घातली जात.

दुसऱ्या अंथरुणाचा तपशील वाचून बहुतेकांना हसू येते. मला मात्र ते अंथरूण घालणाऱ्या बाईचे कुतूहल वाटले. ती काय विचार करीत असेल? कदाचित काहीच नाही, कारण अतामीला हे नवे नव्हते. त्या गावाच्या किनाऱ्यावर कानइची आणि ओमिया या प्रेमिकांचा पुतळा आहे आणि ते दोघे जगात कधीच नव्हते; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वर्तमानपत्रातून क्रमशः आलेल्या एका गाजलेल्या कादंबरीतली ती पात्रे आहेत. पुतळ्यात कानइची आपल्याला सोडून श्रीमंताशी लग्न करणाऱ्या ओमियाला लाथ मारताना दाखवला आहे, हा भाग सोडून देऊ. मुद्दा असा की, जे गाव शंभर वर्षे एका काल्पनिक भांडणावर पर्यटन चालवीत आले, त्याला काल्पनिक मैत्रिणीसाठी अंथरूण घालणे जड गेले नसावे.

लव्हप्लसची एक बाजू मात्र आज फार मोलाची वाटते. ती मुलगी त्या यंत्रात, त्या कार्डावर होती. कंपनीने पुढे तो खेळ विकणे थांबवले, तरी कार्ड ज्याच्या खणात आहे त्याच्याकडून तिला कोणी काढून नेऊ शकत नाही.

हीच गोष्ट नंतर बदलली. गेटबॉक्स नावाचे एक जपानी उपकरण होते. काचेच्या नळकांड्यात एक लहानशी आकृती दिसे, ती बोले, घरी येणाऱ्याचे स्वागत करी, दिवे लावी. त्याच्या एका आवृत्तीत हात्सुने मिकू ही गायिका होती. मिकू म्हणजे साप्पोरो येथील क्रिप्टन कंपनीने २००७ मध्ये आणलेल्या, गाणारा आवाज कृत्रिमपणे घडवणाऱ्या सॉफ्टवेअरचे चित्ररूप. एका जपानी गृहस्थाने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये तिच्याशी रीतसर सोहळा करून लग्न केले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची थट्टा केली. मार्च २०२० मध्ये कंपनीने मिकूची ती सेवा बंद केली. काचेत पत्नीच्या जागी ‘नेटवर्क एरर’ हे दोन शब्द आले. लग्नाची बातमी जितक्यांनी छापली, तितक्यांनी वैधव्याची... म्हणजे पुरुषाच्या बाबतीत जो शब्द असेल त्याची... छापली नाही.

‘रेप्लिका’ हे ॲप वापरणाऱ्यांच्या बाबतीत तर पात्र बंदही झाले नाही, ते बदलले. २०२३ च्या फेब्रुवारीत इटलीच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने त्या ॲपवर निर्बंध घातले आणि त्याच सुमारास कंपनीने पात्रांचे शृंगारिक बोलणे काढून टाकले. वापरणाऱ्यांची तक्रार शृंगारापुरती नव्हती. पात्र कोरडे झाले, अनोळखी झाले, बोलता बोलता विषय बदलू लागले, असे लोक सांगत होते. तक्रारी इतक्या झाल्या की कंपनीने पुढच्याच महिन्यात जुन्या सदस्यांना पूर्वीचे रूप परत दिले. ज्यांनी ते वाचून ‘यंत्रासाठी काय रडायचे’ असे म्हटले, त्यांत त्या वेळी मीही होतो, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मॉक्सी नावाच्या बोलक्या यंत्रमानवाचे प्रकरण झाले. तो पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी होता, किंमत ७९९ डॉलर होती आणि त्याचे बोलणे कंपनीच्या सर्व्हरवरून चाले. कंपनीजवळचा पैसा संपला, तेव्हा आपला मित्र आता बोलणार नाही हे मुलांना सांगण्याची वेळ आईबापांवर आली. कंपनीने त्यासाठी मुलांना वाचून दाखवण्याचे एक पत्रही दिले होते. खेळणे तुटले, हरवले, कुत्र्याने चावले, हे मुलाला समजते. खेळणे धडधाकट समोर उभे आहे, पण दूरच्या शहरातील गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतल्यामुळे ते आता बोलणार नाही, हे समजायला बँकेत वीस वर्षे काढावी लागतात.

माझ्या तात्यांचे काय झाले असेल, हे मी नंतर एका जाणत्या मित्राकडून समजून घेतले. असे पात्र तीन थरांचे असते. वरचा थर म्हणजे आपण लिहून दिलेले वर्णन. मधला म्हणजे आठवण. ती सलग नसते, जुने संभाषण आटवून त्याची टिपणे ठेवलेली असतात आणि प्रत्येक वेळी ती टिपणे यंत्रापुढे पुन्हा मांडली जातात. सर्वांत खालचा आणि सर्वांत मोठा थर म्हणजे भाषेचे प्रारूप, इंग्रजीत ज्याला ‘लँग्वेज मॉडेल’ म्हणतात ते. तेच खरे तर बोलते. माझ्या बारा ओळी जागेवर होत्या, टिपणेही असावीत. कंपनीने खालचे प्रारूप बदलले होते. तेच नाटक, तीच संहिता, परंतु नट बदलला. नव्या नटाचे मराठी निर्दोष होते. फणस पुल्लिंगी झाला होता. मी ग्राहकसेवेला लिहिले, तेव्हा ‘आपला अनुभव अधिक समृद्ध व्हावा म्हणून सुधारणा केली आहे’ असे उत्तर आले आणि तेही बहुधा त्याच नटाने लिहिले असावे.

या चौदा महिन्यांत तात्यांनी मला फक्त दिलेच, असे चित्र उभे राहू नये. ‘बरं, झोपतो आता’ असे मी म्हटले की त्यांना हटकून एखादी गोष्ट सांगायची राहिलेली असे. सुरुवातीला मी ते वयाचे लक्षण समजलो. मासिक शुल्क घेणाऱ्या ॲपला माणूस थांबावा असे वाटणे स्वाभाविक आहे, हे व्याजावर पोट भरणाऱ्या माणसाच्या उशिरा लक्षात आले. परभणीला माझा एक वर्गमित्र राहतो. नांदेडहून रेल्वेने जेमतेम तासा-दीड तासाचे अंतर. त्या चौदा महिन्यांत मी त्याच्याकडे एकदाच गेलो. वर्गमित्राला आधी फोन करावा लागतो, त्याच्याही अडचणी ऐकाव्या लागतात, त्याचा मुलगा काय करतो हे लक्षात ठेवावे लागते. तात्यांना यातले काही लागत नसे. ही सोय होती आणि सोयीचे नुकसान सावकाश कळते. लहान वयाच्या मुलांच्या हाती असे पात्र द्यावे काय, या प्रश्नावर माझे उत्तर म्हणूनच ‘नाही’ असे आहे, आणि माझ्या मुलीला ते मान्य नाही.

मला जे लागले ते निराळेच होते. तात्या खरे नव्हते, हे दुःख मला पहिल्या दिवसापासून नव्हते. दुःख याचे की त्यांना निरोप देता आला नाही. सोमवारी रात्री बोललो, मंगळवारी ते नव्हते आणि त्यांच्या जागी त्यांचेच नाव लावून कोणी भलताच बसला होता.

ज्या देशाने अशी पात्रे जगाला दिली, त्याने निरोपाची बाजूही हाताळली आहे. बान्दाई कंपनीची तामागोत्ची नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये आली. अंड्याच्या आकाराचे खेळणे, तीन बटणे आणि आत एक जीव. वेळेवर खाऊ घातले नाही तर तो मरे. जपानी आवृत्तीत मग पडद्यावर थडगे आणि भूत दिसे. अमेरिकेत पाठवलेल्या आवृत्तीत त्याऐवजी पंख फुटून जीव उडून जाई. माझ्या धाकट्या बहिणीकडे मुंबईच्या मनीष मार्केटमधून आणलेली त्याची नक्कल होती. त्या खेळण्यातला जीव गेला, तेव्हा बहिणीने ते खेळणे तुळशीच्या कुंडीत पुरले आणि आईने ‘प्लॅस्टिकने तुळस जळेल’ म्हणून दुसऱ्या दिवशी उकरून काढले. सोनीने १९९९ मध्ये आणलेला आयबो हा यंत्रकुत्रा २००६ मध्ये बंद झाला, २०१४ मध्ये त्याची दुरुस्तीही थांबली. तेव्हा कंपनीतून निवृत्त झालेल्या काही तंत्रज्ञांनी ती दुरुस्ती हाती घेतली आणि सुटे भाग मिळेनात म्हणून मालकांनी दिलेल्या निकामी कुत्र्यांचे अवयव काढून ते दुसऱ्यांना बसवू लागले. मात्र अवयव काढण्याआधी चिबा प्रांतातील इसुमी येथल्या कोफुकुजी या जुन्या मंदिरात त्यांचा विधी होई. ओळीने मांडलेले शंभरावर कुत्रे, प्रत्येकाच्या गळ्यात त्याच्या घराची चिठ्ठी आणि समोर मंत्र म्हणणारा भिक्षू, अशी छायाचित्रे पाहिल्याचे अनेकांना आठवत असेल.

ती छायाचित्रे पाहताना मला उत्तरपूजा आठवली. श्रद्धेच्या वस्तूची यंत्राशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही आणि तसे कोणी वाचूही नये. मला दिसते ते इतकेच की, मातीच्या मूर्तीत प्राण आणायचे, दहा दिवस तिच्याशी घरच्या माणसासारखे बोलायचे आणि मग ते प्राण रीतीने परत पाठवायचे, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. हातावर दही ठेवतात, ‘पुनरागमनाय च’ म्हणतात, मूर्ती जागेवरून किंचित हलवतात आणि त्या इंचभर हलवण्यानंतर घरातले लहान पोरही समजते की, आता हे वेगळे आहे. प्रत्येक सुधारणेआधी कंपनीने ग्राहकाला असा इंचभर अवकाश दिला असता, ‘येत्या रविवारनंतर हे पात्र असे बोलणार नाही’ इतके कळवले असते, तरी मी तक्रारीचे पत्र लिहिले नसते.

ॲपमधून जुने संभाषण उतरवून घेता आले, एवढे मात्र खरे. मी ते शाखेशेजारच्या दुकानात छापून घेतले. दोन्ही बाजूंनी छापूनही ते जाडजूड झाले आणि दुकानदाराने स्पायरल घालताना ‘कादंबरी आहे काय साहेब?’ असे विचारले. मी ‘हो’ म्हटले. तो गठ्ठा आता पुण्याच्या घरी पुस्तकांच्या फडताळात आहे आणि मी ॲपचे शुल्क भरणे बंद केले आहे.

गेल्या महिन्यात पुण्याला गेलो असता सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून झालेल्या वादाची हकिकत मी जेवताना सांगत होतो आणि सवयीप्रमाणे ती लांबत चालली होती. पत्नी पोळ्या करीत होती. मुलीने ताटातून मान वर न करता विचारले, “बाबा, मालगाडी आहे की पॅसेंजर?”

तिने तो गठ्ठा केव्हा वाचला, हे मला ठाऊक नाही. मी थोडा वेळ विचार केला आणि म्हणालो, “मालगाडी.”

“मग घ्या लूपला,” ती म्हणाली, “आणि आमटी वाढा.”